बाप नसलेल्या घरात ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’

ख्रिस्ती माणसाला सगळ्यात आधी पाठ होणारी प्रार्थना बापाला हाक मारून सुरू होते. उपासनेत ती सगळ्यांच्या तोंडून एकदम निघते, आणि त्यातल्या काहींना तो पहिलाच शब्द जड जातो. कुणाचा बाप लहानपणीच गेला. कुणाचा दुसरं घर थाटून बसला. कुणाचा दारूत बुडाला, कुणाचा तुरुंगात आहे, कुणाचा वर्षानुवर्षं पोटासाठी दूरदेशी. आणि कुणाचा रोज संध्याकाळी घरी येतो, जेवतो, झोपतो. पण परीक्षेत किती गुण पडले यापलीकडे मुलाशी त्याचं बोलणं कधी गेलंच नाही. या सगळ्यांना आपण एकच वाक्य ऐकवतो: देव तुझा पिता आहे. ऐकणाऱ्याच्या मनात एक प्रश्न येतो आणि बहुतेक वेळा तो मनातच राहतो. पिता म्हणजे माझ्या बापासारखा का?

हा प्रश्न उद्धटपणाचा नाही, अविश्वासाचाही नाही. मंडळीने, म्हणजे चर्चने, तो ऐकून घेतला पाहिजे. त्याचं उत्तर पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, आहे, पण ‘देव आहे ना, मग काळजी कशाला’ इतकं ते स्वस्त नाही. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. मूल जन्माला घातलं की पुरुष बाप झाला, असं शास्त्र मानत नाही. जो मुलाला आपलं म्हणतो आणि त्याच्यासाठी टिकून राहतो, तो बाप. हे नीट समजलं की बाप नसलेल्या मुलाचा, एकट्या आईचा, मंडळीचा आणि निघून गेलेल्या बापाचाही प्रश्न वेगळ्या तऱ्हेने दिसायला लागतो.

शास्त्रातले बाप

शास्त्रात आदर्श बाप शोधायला गेलं तर हाती फारसं कुणी लागत नाही. इसहाकाला एसाव लाडका, रिबकेला याकोब. त्या भेदभावात होरपळलेल्या याकोबाने पुढे स्वतःच्या बारा मुलांत एकट्या योसेफाला डोक्यावर घेतलं, आणि भावांनी त्याला गुलाम म्हणून विकून टाकलं. एली याजकाची मुलं मंदिरात येणाऱ्या लोकांना लुबाडत होती. एलीने त्यांना बोल लावले, आवरलं मात्र नाही. एलीच्या हाताखाली वाढलेल्या शमुवेलाने हे सारं जवळून पाहिलं होतं, तरी त्याचीही मुलं लाच खाणारी निघाली. शास्त्र हे झाकत नाही, आणि मला ती मोठी दिलाशाची गोष्ट वाटते. मोडक्या घरातून आलेल्या माणसाला शास्त्र उघडल्यावर परकं वाटायचं कारण उरत नाही.

पण सगळ्यांत जास्त वेळ थांबावं अशी गोष्ट दावीदाची आहे. दावीद शूर, कवी, न्यायी राजा. तो आपल्या सर्व प्रजेला न्याय देत असे, अशी नोंद शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या 8व्या अध्यायात आहे. त्याच पुस्तकाच्या 13व्या अध्यायात त्याचा थोरला मुलगा अम्नोन आपली सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार करतो. दावीदाच्या कानावर ते जातं, त्याला भयंकर संताप येतो, आणि तिथेच ते वचन संपतं. तो अम्नोनाला बोलावत नाही. तामारेला जवळ घेत नाही. ती आपला भाऊ अबशालोम याच्या घरी उद्ध्वस्त होऊन राहते. दोन वर्षं राजवाड्यात या विषयावर कुणी काही केल्याचं दिसत नाही. मग अबशालोम अम्नोनाला ठार मारवतो आणि गशूराला पळून जातो.

तिथे तो तीन वर्षं राहतो. दावीदाचा जीव त्याच्यासाठी तुटतो, असं शास्त्र सांगतं. पण निरोप काही जात नाही. शेवटी सेनापती यवाब युक्तीने राजाचं मन वळवतो आणि मुलाला परत आणतो. तेव्हाही राजाची अट असते की, त्याने माझ्या समोर यायचं नाही. मग अबशालोम पूर्ण दोन वर्षं यरुशलेमेत राहतो, त्याच शहरात, आणि बापाचं तोंड त्याला दिसत नाही. राजाकडे रदबदली करायला बोलावूनही यवाब येईना तेव्हा तो त्याच्या जवाच्या शेताला आग लावतो, कारण आग लावल्याशिवाय त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. अनेक घरांतल्या पोरांचं वागणं या एका वचनातून समजतं. शाळेत मारामारी करणारा, घरात वस्तू फोडणारा मुलगा पुष्कळदा भेट मागत असतो.

पुढचं आपल्याला माहीत आहे. अबशालोम वेशीपाशी उभा राहून, राजाकडे गाऱ्हाणं घेऊन आलेल्या माणसांना विचारू लागला, तू कुठल्या गावचा. बापाने त्याला जे दिलं नाही ते तो लोकांना देऊ लागला, आणि त्यांची मनं त्याच्याकडे वळली. मग बंड, लढाई, आणि एफ्राइमाच्या जंगलात मृत्यू. बातमी आल्यावर दावीद वर चढत जातो आणि रडत म्हणतो, माझ्या मुला अबशालोमा, तुझ्याऐवजी मी मेलो असतो तर! हे प्रेम खरंच होतं. पण ते मुलाच्या कानावर पडलं तेव्हा कान उरले नव्हते. आणि यानंतरही, 1 राजे 1:6 सांगतं की आणखी एक मुलगा, अदोनीया, याला बापाने ‘तू असं का केलंस’ म्हणून कधी दुखवलं नव्हतं.

मला वाटतं, बापाच्या गैरहजेरीवर शास्त्रात याहून स्पष्ट काही नाही. दावीद मेलेला नव्हता, पळून गेला नव्हता, घर चालवत होता. पण कठीण बोलणं जिथे करायला हवं होतं, तिथे तो नव्हता. आणि हाच दावीद लहानपणी काय अनुभवून आला होता तेही पाहा. शमुवेल इशायाच्या घरी नवा राजा निवडायला आला तेव्हा इशायाने सात मुलं समोर उभी केली. धाकट्याला रानातून बोलवावं, हे त्याला सुचलंही नाही. दावीद स्वतःच बापाच्या मोजदादीत नसलेला मुलगा होता.

पोरक्यांचा कायदा

मोशेच्या नियमशास्त्रात बाप नसलेल्या मुलाचा उल्लेख पुन्हापुन्हा येतो, आणि जवळजवळ नेहमी विधवा आणि परदेशी यांच्याबरोबर. त्यामागे साधं कारण आहे. त्या काळी जमीन, न्यायालयात उभं राहण्याची पत आणि संरक्षण हे सारं बापामार्फत मिळे. बाप गेला की मूल उघड्यावर पडे. म्हणून अनुवाद 24 सांगतं की शेतात विसरलेली पेंढी परत आणायला जाऊ नका. जैतुनाची झाडं एकदा झोडपली की पुन्हा झोडपू नका. द्राक्षमळ्यातला सरवा वेचू नका. ते परदेशी, पोरका आणि विधवा यांचं. इथे दया मालकाच्या लहरीवर सोडलेली नाही. तो त्यांचा हक्क आहे. स्तोत्र 68 देवाला पोरक्यांचा पिता आणि विधवांचा कैवारी म्हणतं, त्याला ही पार्श्वभूमी आहे. म्हणजे ‘देव पोरक्यांचा पिता’ याचा शास्त्रातला अर्थ नुसतं मनाला धीर देणं एवढाच नाही. त्यात कुणाच्या तरी शेतातला भाग सोडणं आलं.

नव्या कराराच्या काळातलं रोमी जग तर बापाच्या बाबतीत फारच कठोर होतं. मुलावर बापाची सत्ता आयुष्यभर चाले. नवजात मूल स्वीकारायचं की टाकून द्यायचं हे तोच ठरवी. इसवी सनापूर्वी 1 या वर्षी इजिप्तमधल्या हिलारियन नावाच्या कामगाराने आपल्या गरोदर बायकोला, आलिसला, लिहिलेलं पत्र पपायरसवर आजही टिकून आहे. तो कामासाठी अलेक्झांड्रियात होता. मजुरी मिळाली की पाठवतो, लहानग्याची काळजी घे, तुला मी कसा विसरेन, असं तो लिहितो. त्याच पत्रात हेही लिहितो की मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. हा माणूस राक्षस नव्हता, हे त्या पत्रातलं भीषण सत्य आहे. आपल्या काळात जे चालतं तेच तो करत होता. पहिल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी मात्र नवजात बालकाला मारणं निषिद्ध मानलं. ‘दिदाखे’ या अगदी जुन्या ख्रिस्ती शिकवणीत ते स्पष्ट सांगितलं आहे. रोमी साम्राज्यात बालहत्या गुन्हा ठरायला इसवी सन 374 उजाडावं लागलं.

देव कुणासारखा?

आता त्या न विचारलेल्या प्रश्नाकडे येऊ. देवाला पिता म्हणतो तेव्हा आपण मानवी बाप घेऊन तो मोठा, बलवान, अदृश्य करतो का? तसं असेल तर ज्याचा बाप मारकुटा त्याचा देव मारकुटा, आणि ज्याचा बाप निघून गेला त्याचा देवही कधीतरी निघून जाणारा. पुष्कळांच्या मनात हे नकळत घडतंही. म्हणून कुणी प्रार्थनेला घाबरतं, कुणी देवाला खूश ठेवण्यासाठी सतत धावतं.

मंडळीच्या शिकवणीत क्रम उलटा आहे. चौथ्या शतकात आरियस नावाचा धर्मगुरू येशूविषयी म्हणू लागला की पुत्र नव्हता असा एक काळ होता. त्याचा अर्थ असा निघतो की देवही एकेकाळी पिता नव्हता, पुढे झाला. इसवी सन 325 मध्ये नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने हे नाकारलं, आणि पुढे बिशप अथानासियसने आयुष्यभर हाच मुद्दा लढवला: पिता नेहमीच पिता आहे, कारण पुत्र नेहमीच आहे. हा वाद पंडितांचा वाटतो, पण बापावाचून वाढलेल्या माणसाच्या तो फार कामाचा आहे. जगात एकही मानवी बाप नसता तरी देव पिता असताच. इफिसकरांस पत्राच्या 3ऱ्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की स्वर्गातल्या आणि पृथ्वीवरच्या प्रत्येक वंशाला पित्यावरून नाव मिळतं. माप तिकडे आहे. माझा बाप त्या मापाने मोजला जातो; देव माझ्या बापाच्या मापाने नाही.

कॅथलिक मंडळीची धर्मशिक्षणाची अधिकृत पुस्तिका तर हे उघड मान्य करते की मानवी आईबाप चुकू शकतात आणि पितृत्वाचं, मातृत्वाचं रूप विद्रूप करू शकतात. प्रभूच्या प्रार्थनेवरच्या भागात ती सांगते की, आपल्या आयुष्यातून आणि संस्कृतीतून आलेल्या आईबापांच्या प्रतिमा या नात्यावर सावली टाकतात, म्हणून आपलं मन त्यांपासून स्वच्छ करावं लागतं. म्हणजे ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताना जो अडखळतो त्याच्यात काही कमी आहे असं नाही. सगळ्यांनीच करायचं काम तो मुकाट्याने करत असतो.

मानसशास्त्रज्ञांनीही या प्रश्नाचा विचार केला आहे. लहान मुलाचं आईबापांशी जडणारं नातं समजावणाऱ्या जॉन बोल्बी यांच्या आसक्तीच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन ली कर्कपॅट्रिक यांनी दोन शक्यता मांडल्या. एक अशी, की माणूस आईबापांशी असलेल्या नात्याचाच साचा देवाकडे घेऊन जातो. दुसरी नेमकी उलट, की तिथे जे मिळालं नाही ते तो देवात शोधतो. दोन्ही प्रकारची माणसं भेटतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पॉल विट्झ यांनी 1999 मध्ये असं मांडलं की अनेक नामवंत नास्तिकांचे बाप लहानपणी वारलेले, दुबळे किंवा कठोर होते. ख्रिस्ती व्यासपीठांवरून हे फार आवडीने सांगितलं जातं. मला ते पटत नाही. बाप नसलेली असंख्य माणसं गाढ विश्वासू झाली आणि प्रेमळ बापांची मुलं नास्तिक झाली. शिवाय कुणाच्या अविश्वासाला त्याच्या लहानपणीच्या दुःखाचं लेबल लावणं म्हणजे त्याचं म्हणणं न ऐकता त्याला गप्प करणं.

शास्त्र स्वतः देवाचं पितृत्व कसं रंगवतं? होशेय 11 मध्ये देव एफ्राइमाला, म्हणजे आपल्या इस्राएल लोकांना, हाताला धरून चालायला शिकवतो, वाकून त्याला भरवतो. यशयामध्ये तो आईचीही उपमा स्वतःला लावून घेतो. येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी स्वर्गातून वाणी येते की, तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. आणि तेव्हा मार्काच्या शुभवर्तमानात येशूने अजून एकही चमत्कार केलेला नाही, एकही प्रवचन दिलेलं नाही. शाबासकी कामाच्या आधी येते. ज्या मुलाने आयुष्यभर बापाच्या एका शब्दासाठी पदकं आणि पदव्या गोळा केल्या, त्याने हा प्रसंग सावकाश वाचावा.

योसेफ, आणि दत्तक घेतलेली माणसं

येशूला पृथ्वीवर ज्या माणसाने वाढवलं त्याचं रक्त येशूच्या अंगात नव्हतं. शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडचा एकही शब्द नोंदलेला नाही. आहेत ती कामं. मरीयेला त्याने स्वीकारलं, मुलाचं नाव ‘येशू’ ठेवलं, रात्री उठून दोघांना घेऊन इजिप्तला गेला, धोका टळल्यावर परत आणलं, बाराव्या वर्षी मंदिरात हरवलेल्या मुलाला तीन दिवस शोधलं. नाव ठेवणं हा त्या समाजात बापाचा अधिकार होता. तो बजावून योसेफाने मुलाला आपलं म्हटलं, आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली दावीदाच्या घराण्याची सारी वंशावळ योसेफामार्फतच येशूपर्यंत पोचते. तारणाऱ्याचं दावीदाच्या घराण्याशी नातं एका दत्तक बापामुळे जोडलं गेलं, हे वाचून मला दर वेळी थांबावंसं वाटतं. पोप फ्रान्सिस यांनी 8 डिसेंबर 2020 रोजी योसेफावर पत्र लिहिलं. त्यात त्यांचं म्हणणं होतं की माणूस जन्मतः बाप नसतो, तो होतो, आणि मूल जगात आणल्याने नव्हे तर त्याची जबाबदारी घेतल्याने होतो. नेमकं हेच.

पौलही तारणाविषयी बोलताना दत्तक घेण्याचीच भाषा वापरतो. रोमकरांस पत्र साधारण इसवी सन 57 च्या सुमाराचं. तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता, आणि त्याला सम्राट क्लॉडियसने इसवी सन 50 मध्ये दत्तक घेतलं होतं म्हणूनच तो तिथे होता. रोमच्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नव्हती. दत्तक मूल म्हणजे दुय्यम मूल, असा अर्थ त्याच्या मनात येत नसे. दत्तकाला नाव मिळे, वारसा मिळे. पौल म्हणतो, विश्वासणाऱ्याला असाच आत्मा मिळाला आहे, ज्याच्या योगे आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो. देवाच्या घरात येशूखेरीज सगळेच दत्तक आहेत. मग मंडळीत कुणाच्या जन्माची, कुणाच्या बापाच्या नावाची कुजबुज कोणत्या तोंडाने करायची?

बापाचं पाप मुलाच्या डोक्यावर?

ही भीती फार जणांना असते. बाप व्यसनी, तर मीही होईन. बाप सोडून गेला, तर मीही माझी मुलं सोडीन. त्यात कुणीतरी निर्गम 20 काढून दाखवतो, जिथे वडिलांच्या अपराधाचं फळ तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचण्याची गोष्ट आहे, आणि भोळ्या माणसाला वाटतं की आपल्या घराला शाप आहे.

तेच वचन पुढे हजारो पिढ्यांवरच्या दयेबद्दलही बोलतं, हे आधी लक्षात घ्यावं. पापाचे परिणाम घरात झिरपतात हे खरं आहे. ते आपण डोळ्यांनी पाहतो. पण दोष झिरपत नाही. यहेज्केलाच्या काळी लोकांत म्हण होती की बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले. देवाने ती म्हण बंद करायला सांगितली. यहेज्केलाचा 18वा अध्याय तेवढ्यासाठीच आहे: जो पाप करील तोच त्याचा जाब देईल. उदाहरण हवं तर यहूदाचा राजा योशीया याचं घ्या. त्याचा बाप आमोन दोन वर्षं राज्य करून आपल्याच सेवकांच्या हातून मारला गेला, आणि राजा म्हणून त्याचं नाव वाईट होतं. योशीया आठ वर्षांचा असताना गादीवर बसला. सोळाव्या वर्षी तो देवाला शोधू लागला, आणि यहूदाच्या इतिहासातली सर्वांत मोठी धर्मसुधारणा त्याच्या हातून झाली. त्याला कित्ता गिरवायला बाप नव्हता. शास्त्र म्हणतं, तो आपला पूर्वज दावीद याच्या मार्गाने चालला. माणूस आपल्यासाठी वडील निवडूही शकतो.

‘बापाचा मान राख’ आणि सोडून गेलेला बाप

दहा आज्ञांतली ही आज्ञा टाकून दिलेल्या मुलांना फार वेळा दगडासारखी मारली जाते. म्हणून तिचा आवाका स्पष्ट करायला हवा. मार्क 7 मध्ये येशू या आज्ञेबद्दल बोलतो तेव्हा त्याचा रोख म्हाताऱ्या आईबापांच्या पोटापाण्यावर आहे. ‘हे देवाला वाहिलं’ असं म्हणून त्यांचा खर्च टाळणाऱ्यांना तो दटावतो. म्हणजे मान राखणं म्हणजे वागणुकीत एक किमान सभ्यता आणि गरज पडल्यास आधार. जे घडलं ते घडलंच नाही असं म्हणणं त्यात येत नाही. मारहाण करणाऱ्या किंवा अत्याचार करणाऱ्या बापाजवळ राहणं तर मुळीच येत नाही. मुलाच्या जिवाला धोका असेल तर त्याला सुरक्षित जागी नेणं आणि कायद्याची मदत घेणं हेच ख्रिस्ती कर्तव्य आहे. पाळकाने ‘घरातलं घरात मिटवा’ म्हणू नये.

क्षमेचंही तसंच. क्षमा म्हणजे सूडाचा हक्क देवाच्या हाती देणं. ती मुलगा एकट्याने करू शकतो, बाप जिवंत नसतानाही. समेट मात्र दोघांनी मिळून होतो आणि त्याला दुसऱ्या बाजूचा पश्चात्ताप लागतो. या दोन गोष्टी एक समजल्या की मुलावर अन्याय होतो. आधी रडू द्यावं. स्तोत्रांमध्ये रडणं किती आहे पाहा. स्तोत्र 27 चा कवी आईबाप सोडून जाण्याची शक्यता स्पष्ट शब्दांत बोलून दाखवतो, आणि मगच म्हणतो की परमेश्वर मला जवळ घेईल.

आया आणि मंडळी

अब्राहामाने आपल्या मुलाची आई असलेल्या हागार या दासीला भाकर आणि पाण्याची मसक देऊन मुलासह रानात धाडलं. पाणी संपल्यावर तिने मुलाला, इश्माएलाला, झुडपाखाली ठेवलं आणि त्याचं मरण बघवेना म्हणून दूर जाऊन बसली. देवाने मुलाचा आवाज ऐकला आणि तिला विहीर दाखवली. विश्वासणाऱ्यांचा पिता म्हणून ज्याचा गौरव होतो त्याच माणसाच्या घरून निघालेली ही आई. तिचीही बाजू शास्त्र तितक्याच आस्थेने लिहितं. एकट्या आईला मंडळीत संशयाने पाहण्याचा पाया मग उरतो कुठे? पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य याचा बाप ग्रीक होता एवढंच आपल्याला कळतं. विश्वास त्याला आई युनीके आणि आजी लोईस यांच्याकडून आला. तरीही पौल त्याला आपला मुलगा म्हणतो, प्रवासाला बरोबर नेतो, जबाबदारी देतो, त्याच्या पोटाच्या दुखण्याची चौकशी करतो. करिंथकरांना तो सांगतो की तुम्हाला ख्रिस्तामध्ये गुरू हजारो असतील, बाप मात्र फार नाहीत.

पुढे मोठा धर्मपंडित झालेल्या संत ऑगस्टीनची गोष्टही इथलीच. त्याचा बाप पॅट्रिशियस मुलाच्या शिक्षणासाठी ऐपतीबाहेर खर्च करणारा, पण मुलगा आतून कसा वाढतोय याची त्याला फिकीर नव्हती, असं ऑगस्टीन स्वतः लिहितो. तो सतरा वर्षांचा असताना बाप गेला. पुढे मिलानला बिशप अँब्रोजने आपल्याला बापासारखं जवळ केलं, हे तो आवर्जून नोंदवतो. आधी अँब्रोजचं वागणं त्याला भावलं, शिकवण नंतर पटली. 387 च्या ईस्टरला अँब्रोजनेच त्याला आणि त्याचा मुलगा अदेओदातस याला बाप्तिस्मा दिला.

मंडळीतल्या पुरुषांचं काम इथे सुरू होतं. बापाच्या जागी कुणी एकाने बसायचं नाही. पण सायकल दुरुस्त करायला शिकवणारा, परीक्षेच्या आदल्या दिवशी आठवणीने फोन करणारा, चुकल्यावर सौम्यपणे टोकणारा कुणीतरी मोठा माणूस मुलाला मिळावा. आणि हे उघड्यावर, इतरांच्या नजरेसमोर आणि आईच्या संमतीने व्हावं. मायेच्या नावाखाली मंडळ्यांमध्ये मुलांवर अत्याचार झालेले आहेत. त्यामुळे ‘तो फार चांगला माणूस आहे’ हा भरवसा पुरेसा नाही. पृथ्वीवर कुणाला पिता म्हणू नका, असं येशूने मत्तय 23 मध्ये म्हटलं ते पदांची हाव असलेल्या धर्मपुढाऱ्यांच्या संदर्भात. बापाचा अधिकार मागणाऱ्यापासून सावध राहावं. बापाचं काम करणाऱ्याला साथ द्यावी.

निघून गेलेल्या बापाशी

हे वाचणाऱ्यांत तुम्हीही असाल. 1 तीमथ्य 5:8 तुमच्याबद्दल कठोर बोलतं: जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. हे मी मऊ करू शकत नाही. पण जुन्या कराराची अखेर मलाखीच्या ज्या वचनाने होते, त्यात देव बापांची मनं मुलांकडे वळवण्याचं वचन देतो, आणि लूकाच्या पहिल्याच अध्यायात गब्रीएल देवदूत ते पुन्हा उच्चारतो. आधी बापांचं मन वळायचं आहे, हा क्रम ध्यानात घ्या.

लूक 15 मधला बाप घर सोडून गेलेला मुलगा परतताना दिसताच धावत जातो हे आपण नेहमी ऐकतो. तुमच्या गोष्टीत घर सोडून गेलेले तुम्ही आहात, त्यामुळे मुलाने धावत यावं अशी अपेक्षा धरू नका. तुमच्यासाठी जक्कय या जकातदाराची गोष्ट जास्त जवळची आहे. येशू घरी आला तेव्हा त्याने नुसते डोळे पुसले नाहीत. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट, असा हिशेब त्याने तिथल्या तिथे मांडला. तुमचाही पश्चात्ताप हिशेबानेच सुरू होईल. थकलेला खर्च आधी द्या, आणि तो मुलाच्या हाती भेटवस्तू म्हणून नको, आईच्या हाती देणं म्हणून द्या. भेटायचं असेल तर आधी तिला विचारा. पहिल्या पत्रात स्वतःची कारणं लिहू नका. ‘मी गेलो, चूक माझी होती, तुझी नव्हती’ एवढं लिहा, कारण सोडून गेलेल्या बापाची मुलं बहुतेक वेळा दोष स्वतःवर घेतात. येतो म्हणून सांगितलेल्या दिवशी या. जे पाळता येणार नाही ते बोलू नका, एक तासच शक्य असेल तर एक तासच कबूल करा. मुलाचे प्रश्न बोचरे असतील, ते पूर्ण ऐका. आणि तो भेटायला तयार नसेल तर पाळकाला किंवा नातेवाइकांना मध्ये घालून त्याच्यावर दडपण आणू नका. त्याचा नकार मान्य करा, तुमचा पत्ता त्याच्याकडे राहील असं बघा, आणि महिन्याचे पैसे चुकवू नका.